दिवसभर जंगलात चालवायला रिजिड माउंटन बाइक: आधी टायर, मग हात, फ्रेम त्यानंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राहता, वय ४६, उंची पाच फूट आठ इंच, वजन ७८ किलो. सुट्टीच्या दिवशी राधानगरी, गगनबावडा, आंबोली-चौकुळ या बाजूला कच्च्या रस्त्यांवर आणि बैलगाडीच्या वाटांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सायकल चालवता, साधारण ५०-६० किलोमीटर. सध्याची सायकल २७.५ इंची चाकांची, पुढे १०० मिलिमीटरचा स्प्रिंगवाला सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), २.१ इंची टायर, हवा ४५ पीएसआय. दोन पावसाळ्यांत फोर्क जाम झाला. तीन तासांनी करंगळी आणि अनामिका बधिर होतात, कंबर धरते. आता सस्पेन्शनची कटकटच नको, रिजिड म्हणजे बिनसस्पेन्शनची घ्यायची आहे, बजेट ९० हजार. स्टील की ॲल्युमिनियम, २९ की २७.५, की सरळ फॅट बाइक, असं विचारलंय.

रिजिड घ्या, त्या वाटांसाठी ती योग्यच आहे. मी पुण्यात सायकल फिटिंगचं आणि चाकं बांधायचं काम करतो आणि स्वतः रिजिडच चालवतो, त्यामुळे हे मनापासून सांगतो. पण तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलावा लागेल. स्टील की ॲल्युमिनियम हा प्रश्न पहिला नाही, चौथा-पाचवा आहे. रिजिड सायकलवरचा आराम मुख्यतः दोन ठिकाणी ठरतो. टायर किती जाड बसतो आणि त्यात हवा किती कमी ठेवता येते, हे पहिलं. तुमचे हात कुठे आणि कोणत्या कोनात टेकतात, हे दुसरं. या दोन गोष्टी जमल्या तर साध्या फ्रेमवरही दिवस निघतो. त्या चुकल्या तर महागडी स्टीलची फ्रेमसुद्धा दुपारपर्यंत नको होते.

रिजिड कुठे चालत नाही हेही सांगतो. घाटवाटेने सुट्या धोंड्यांच्या, गुडघाभर उंचीच्या पायऱ्या वेगात उतरायच्या असतील तर पुढे सस्पेन्शन हवंच. तुम्ही ज्या वाटा लिहिल्यात त्यांत मुरूम, जांभ्याचे सडे, पाचोळ्याने झाकलेल्या पायवाटा, ओहोळ, चाकोऱ्या आणि मधेमधे मोडका डांबरी रस्ता येतो. इथे वेग ताशी १०-१५ किलोमीटर. या वेगाला जाड टायर पुरतो. माउंटन बाइकिंगची सुरुवातही रिजिडवरच झाली. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जो ब्रीझने १९७७ मध्ये खास त्या कामासाठी फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली, आणि रॉकशॉक्सचा पहिला सस्पेन्शन फोर्क यायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर सगळे साध्या चिमट्यावरच डोंगर उतरत होते, तेही आजच्या मानाने बारीक टायरांवर. आपल्याला तेवढं सोसायची गरज नाही, कारण मधल्या काळात टायर खूप सुधारले.

आता टायर. जांभ्याच्या सड्यावर जी खडबड असते ती बहुतेक एक ते तीन सेंटिमीटरची असते. २.४ किंवा २.६ चा टायर योग्य दाबाला असेल तर असा उंचवटा बराचसा पोटात घेतो, दहा-पंधरा मिलिमीटर सहज दबतो. तुमचा २.१ चा टायर ४५ पीएसआयला दबतच नाही. तो दगडावर चढतो, तुम्ही, सायकल, पाणी, डबा असं मिळून ९५ किलोचं ओझं वर उचलतो आणि पलीकडे आपटतो. हे दिवसभरात हजारो वेळा होतं. मनगट, कंबर आणि मानेला त्रास होतो तो यानेच, आणि पायांची ताकदही यातच वाया जाते. टणक टायर कच्च्या वाटेवर हलका पळतो हा समज डांबरावरून आलेला आहे. खडबडीत जागी कमी दाबाचा जाड टायर कमी श्रमात जातो.

आकडे देतो, सुरुवातीला धरायला. तुमच्या वजनाला, आतून ३० मिलिमीटर रुंद रिमवर २.४ चा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे १८-१९ आणि मागे २१-२२ पीएसआय. २.६ चा असेल तर पुढे १५-१६, मागे १८-१९. ट्यूब ठेवणार असाल तर तीन-चार पीएसआय जास्त, नाहीतर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चेचून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पुढचा टायर मागच्यापेक्षा नेहमी मऊ ठेवा. हातांना येणारा धक्का तिथूनच येतो आणि पुढच्या चाकावर वजनही कमी असतं.

हे आकडे तुमच्या वाटेवर पक्के करायला अर्धा तास द्या. तीनशे मीटरचा एक खडबडीत तुकडा निवडा, ज्यात चढ, उतार आणि एक वळण आहे. वरच्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरून सुरू करा आणि प्रत्येक फेरीला पुढे-मागे एकेक पीएसआय सोडत जा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हँडलवरचा कंप एकदम खाली बसल्याचं जाणवतं, दातांवर दात आपटायचे थांबतात. तिथून पुढे सावकाश उतरा. सोबत्याला बाजूला उभं करून मागच्या टायरकडे बघायला सांगा. जमिनीला टेकतो तिथे त्याची कूस थोडी फुगलेली दिसली पाहिजे. वळणावर टायर कुशीवर मुडपतोय, सायकल क्षणभर उशिरा वळतेय असं वाटलं की दाब जास्तच उतरला, एक पीएसआय परत भरा. रिम दगडावर लागल्याचा ‘ठक’ आवाज दिवसात एखाद्या वेळी आला तर हरकत नाही, वारंवार आला तर भरा. या कामाला डिजिटल गेज घ्याच. उभ्या पंपावरचा १६० पर्यंतचा काटा १८ आणि २२ मधला फरक दाखवू शकत नाही, आणि आपला सगळा खेळ त्या चार आकड्यांत आहे. हिवाळ्यात पहाटे १५ अंशांत भरलेली हवा दुपारी उन्हात ३५ अंशांवर सुमारे दोन पीएसआयने चढते, हेही लक्षात ठेवा. जेवणाच्या थांब्यावर एकदा गेज लावायची सवय चांगली.

टायरची एक मर्यादा आहे. तो स्प्रिंगसारखा दबतो आणि उसळतो, पण ती उसळी आवरायला आत शॉक ॲब्सॉर्बर नसतो. म्हणून लागोपाठच्या खड्ड्यांवर वेग वाढवला की सायकल चेंडूसारखी उडायला लागते. दाब जरा जास्त असेल तर हे लवकर होतं. टायर जितका जाड तितकं हे जपावं लागतं, आणि फॅट बाइकबद्दल माझं मत यामुळेच थोडं सावध आहे.

ट्यूबलेस करा, याला पर्याय नाही. बाभूळ, बोर, करवंदीच्या जाळ्या, शेताच्या बांधावर तोडून टाकलेली काटेरी झुडपं, हे आपल्या वाटांवर आहेच. सीलंट (टायरमध्ये घालायचा, भोकं बुजवणारा द्रव) असेल तर काटा काढला की टायर दोन फेऱ्यांत स्वतः बुजतो. २९ बाय २.४ च्या टायरला सुरुवातीला १०० ते १२० मिलिलीटर घाला. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का बघा. सोबत प्लगची सुई-दोरी आणि एक ट्यूब असू द्या, कारण टायरची कूस धारदार दगडाने फाटली तर सीलंट काही करू शकत नाही. टायर घेताना त्यामुळेच कूस जाड असलेला घ्या, शंभर-दोनशे ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल. नक्षीबद्दल फार काथ्याकूट करत बसू नका. मधोमध बारीक आणि जवळजवळ गोट्या, कडेला मोठ्या आणि सुट्या गोट्या, असा मध्यम टायर मुरूम आणि कातळ दोन्हीला चालतो. भर पावसात आंबोलीच्या तांबड्या मातीत तो भरतो, पण तिथे मोठ्या गोट्यांचा टायरही भरतोच.

चाक २९ चं. तुमच्या उंचीला ते व्यवस्थित बसतं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडाला कमी उभ्या कोनात भिडतं, रिजिडवर हा फायदा दुप्पट जाणवतो. २७.५ बाय २.८ हाही उत्तम पर्याय आहे आणि उंची पाच फूट चारच्या खाली असेल तर मी तोच सुचवतो, पण त्या मापाचे चांगले टायर आता दुकानात कमी दिसतात. २९ चे २.४ कुठेही मिळतात.

फ्रेम बघताना दुकानातच एक तपासणी करा. सहा मिलिमीटरची ॲलन की घ्या आणि मागच्या टायरची कूस आणि चेनस्टेची नळी (पेडलच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणारी) यांच्यामध्ये सरकवा. टायर २.४ चा बसवलेला असताना ती दोन्ही बाजूंनी सुटी गेली पाहिजे. तेवढी जागा नसेल तर पावसाळ्यात तांबडी माती, पाने आणि गवत मिळून तिथे गोळा बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि काही तासांत रंग घासून धातू उघडा पडतो. पुष्कळ चांगल्या हार्डटेलमध्ये (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलींमध्ये) मागे फक्त २.२५ मावतो. त्या सायकली वाईट नाहीत, पण तुमच्या कामाच्या नाहीत. पुढे २.६, मागे २.४ हा मेळ मला या वाटांसाठी सगळ्यात आवडतो.

फॅट बाइक नको. चार इंची टायर आठ-दहा पीएसआयला वाळूवर आणि बर्फावर अप्रतिम चालतो. देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी आनंदाने फॅट चालवेन. पण ५०-६० किलोमीटरच्या दिवसात त्याचं वजन, डांबरावर हँडल एका बाजूला ओढलं जाणं, आणि क्रँक (पेडलचे दांडे) रुंद असल्याने गुडघ्यांवर येणारा ताण, हे सगळं चौथ्या-पाचव्या तासाला जाणवतं. बाजारातल्या स्वस्त फॅट बाइक तर पुष्कळदा १७-१८ किलोच्या असतात. ग्रॅव्हल बाइकही यात मोजत नाही. खाली वळलेलं हँडल आणि ४०-४५ मिलिमीटरचा टायर मुरमाच्या सपाट रस्त्याला छान, सड्यावर आणि उतारावर हातांना त्रासच.

आता हात. तुमच्या बोटांच्या तक्रारीत उत्तर लिहिलेलंच आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होतात म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर दाब येतोय, तिथून जाणारी अल्नर नस दबतेय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर मधली नस आणि मनगटाचा वर मोडलेला कोन बघितला असता. तुमच्या बाबतीत मला हँडलच्या आकाराची शंका येते. आजची माउंटन बाइकची हँडल ७६०-७८० मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ सरळ असतात, टोकं फक्त सात ते नऊ अंश मागे वळलेली. उभं राहून, कोपरं बाहेर काढून उतार उतरायला ती बनवलेली आहेत. दिवसभर बसून चालवताना कोपरं आपोआप आत पडतात, मग मनगट एका बाजूला मोडतं आणि सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर जातो. बोटं बधिर व्हायला एवढं पुरेसं आहे.

घरी करून बघा. खुर्चीवर थोडं पुढे वाकून बसा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा, डोळे मिटून हात हँडलवर ठेवल्यासारखे सैल पुढे आणा. डोळे उघडून पेन्सिलींचा कोन बघा. बहुतेकांच्या पेन्सिली सरळ रेषेत नसतात, चांगल्या वीस-तीस अंश तिरक्या असतात. हँडल त्या कोनाच्या जवळ जाणारं हवं. १२ ते १६ अंश मागे वळलेलं, ७४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, ३०-४० मिलिमीटर वर उचललेलं हँडल घ्या. याहून जास्त हवं असेल तर अमेरिकेत जेफ जोन्सने रिजिड सायकलींसाठी बनवलेलं ४५ अंशांचं लूप हँडल आहे, त्याच्या पुढच्या कमानीवर हात धरायची दुसरी-तिसरी जागाही मिळते. दिवसभर चालवणाऱ्याला हात बदलता येणं ही मोठी सोय आहे. एक मात्र ध्यानात ठेवा. हँडल जितकं मागे वळतं तितके हात तुमच्याकडे सरकतात, म्हणून स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) लांब करावा लागतो. ५० मिलिमीटरचा असेल तर १६ अंशांना ६०-७०, ४५ अंशांना ८० किंवा त्याहून जास्त. हे केलं नाही तर गुडघे हँडलला लागतील आणि चढावर पुढचं चाक उचललं जाईल.

ग्रिप पंखासारख्या रुंद टेकणीच्या घ्या किंवा जाड सिलिकॉनच्या. रुंद टेकणीच्या ग्रिप फिरवून कोन नीट जुळवावा लागतो, अर्धा सेंटिमीटर चुकला तरी त्याच उलट त्रास देतात. ब्रेकचा लिव्हर आतल्या बाजूला सरकवा, इतका की फक्त तर्जनी त्याच्या टोकावर बसेल आणि बाकीची तीन बोटं ग्रिपवर राहतील. लांब उतारावर हात दमतात त्याचं निम्मं कारण धक्के असतात आणि निम्मं कारण दोन-तीन बोटांनी सतत आवळलेला ब्रेक. म्हणून हायड्रॉलिक डिस्क हवेत, पुढे १८० मिलिमीटरची चकती. पावसाळ्यात मेटॅलिक पॅड लावा, साधे रेझिनचे पॅड तांबड्या मातीच्या चिखलात फार लवकर झिजतात.

हातांवरचा भार बऱ्याचदा सीटपासूनच सुरू होतो. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरताय आणि ते घसरणं हातांनी थोपवताय. मधला भाग सपाट करा. उंचीसाठी जांघेपासून तळव्यापर्यंतचं माप पुस्तक मांडीत घट्ट धरून भिंतीवर घ्या आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ७०.६. कच्च्या वाटेसाठी त्यातून अर्धा सेंटिमीटर कमी करा. सीट जास्त उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलते, आणि चार तासांनी जी धरते ती तिथेच. सीट मऊ गादीची नको. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजा (जाड पुठ्ठ्यावर पाच मिनिटं बसलं की खळगे उमटतात) आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवून तेवढ्या रुंदीची घ्या. चामड्याची सीट सुंदर असते, पण घाटातल्या पावसात तिची निगा राखणं अवघड आहे. सीटपोस्ट २७.२ मिलिमीटरची बसत असेल तर ती घ्या, बारीक आणि लांब बाहेर आलेली पोस्ट थोडी लवचिक असते. कंबरेचा त्रास तरीही राहिला तर सस्पेन्शन सीटपोस्ट लावा. बसून चालवणाऱ्याला पुढच्या सस्पेन्शनपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

कंबरेचं आणखी एक कारण गिअर. गगनबावड्याच्या बाजूचे चढ जड गिअरमध्ये रेटले की कंबर धरणारच. पुढे ३० दात्यांची चकती आणि मागे ११-५१ ची कॅसेट (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा संच) असेल तर पेडल मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवत ताशी पाच किलोमीटरच्या खाली चढता येतं, बसून, दम राखून. शिमानोच्या डिओर अकरा स्पीडमध्ये हे मिळतं. मायक्रोशिफ्टचे ॲडव्हेंट संच स्वस्त आणि दणकट आहेत, तेही चालतील, मग पुढची चकती २८ ची बघा.

इथपर्यंत जमलं की फ्रेमकडे या. तुमच्या उंचीला २९ च्या फ्रेमचा स्टॅक ६२० ते ६४० मिलिमीटर आणि रीच ४२० ते ४४० बघा. स्टॅक म्हणजे क्रँकपासून हेडट्यूबच्या (फोर्क जिच्यात फिरतो त्या पुढच्या नळीच्या) माथ्याची उभी उंची, रीच म्हणजे तेच अंतर आडवं, आणि दिवसभराच्या सायकलला उंचीच जास्त महत्त्वाची. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर आलं पाहिजे. सीट ट्यूबचा कोन ७३-७४ अंश. नव्या ट्रेल बाइकवर तो ७६-७७ असतो. उभा चढ चढताना तो बरा, पण सपाट वाटेवर बसलं की शरीर पुढे ढकलून हातांवर वजन टाकतो. हेडट्यूबचा कोन ६७.५ ते ६९. चेनस्टे ४४० मिलिमीटरच्या आसपास, कारण फार आखूड असेल तर मागचं चाक जवळपास सीटखाली येतं आणि प्रत्येक धक्का सरळ वर येतो.

आणि आता तुमचा पहिला प्रश्न, स्टील की ॲल्युमिनियम. डायमंड आकाराची फ्रेम कोणत्याही धातूची असो, उभ्या दिशेने अगदी नगण्य दबते. टायरच्या पंधरा मिलिमीटरपुढे ते मोजण्यात येत नाही. स्टील घ्यायची कारणं वेगळी आहेत. ती आपटली तरी लगेच तडकत नाही, बाटल्या-पिशव्या लावायला तिच्यावर भरपूर बोल्टच्या जागा असतात, आणि दिसतेही देखणी. पण कोकणाच्या बाजूच्या दमट हवेत आतून गंज धरते, दर पावसाळ्याआधी आतून गंजरोधक फवारा मारावा लागतो. चांगली क्रोमोलीची (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची) रिजिड मिळाली तर आनंदाने घ्या. तेवढ्यासाठी टायरची जागा किंवा स्टॅक यांच्यात तडजोड करू नका.

फोर्क मात्र स्टीलचाच सुचवतो. फोर्कच्या लांब पायांना पुढे-मागे थोडी लवचिकता असते, बारीक खडीवरचा कंप त्यात जरा मरतो. शिवाय त्याच्यावर सामान बांधता येतं आणि धडपडीत वाकला तर दिसतो, कार्बनसारखा आतून मुका तुटत नाही. वजन साधारण एक-सव्वा किलो. तुमचा स्प्रिंगवाला फोर्क अडीच किलोच्या घरात असेल, म्हणजे सव्वा किलोची बचतही झाली आणि सीलमध्ये चिखल जाण्याची भानगडही संपली.

बाहेरदेशी सर्ली क्रॅम्पस, कोना युनिट, जोन्स प्लस, ट्रेक ११२० अशा तयार रिजिड सायकली गाजल्या आहेत. आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत, आणि आणल्या तर वाहतूक आणि आयात शुल्क धरून तुमच्या बजेटच्या बाहेर जातात. म्हणून व्यवहार्य मार्ग असा की २९ ची चांगली ॲल्युमिनियम हार्डटेल घ्यायची आणि तिला रिजिड फोर्क बसवायचा. यात फोर्कची लांबी चुकवू नका. पुढच्या चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कचा मुकुट जिथे खालच्या बेअरिंगला टेकतो तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा, तेही तुम्ही सायकलवर बसलेले असताना, दुसऱ्याकडून. २९ च्या १०० मिलिमीटर फोर्कचं हे अंतर रिकाम्या सायकलवर ५१० च्या आसपास असतं आणि बसल्यावर ४९० च्या जवळ येतं. रिजिड फोर्क त्या दुसऱ्या आकड्याच्या जवळचा, म्हणजे ४८० ते ४९० चा हवा. दुकानदाराने ४४० चा स्वस्त फोर्क पुढे केला तर नको म्हणा. दर वीस मिलिमीटरला हेडट्यूबचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. पन्नास मिलिमीटर कमी झाले की सायकल उतारावर अस्थिर होते, पेडल दगडांना लागतात आणि हँडल खाली गेल्याने हातांचं सगळं गणित परत बिघडतं.

बाकी जुळवाजुळव: हेडट्यूब टॅपर्ड (खाली रुंद होत जाणारी) आहे की सरळ, पुढचा हब १५ बाय १००, १५ बाय ११० की जुन्या क्विक रिलीजचा, आणि फोर्क ब्रेकची किती मोठी चकती झेलतो. फोर्कची लांबी धरून हे चार मुद्दे कागदावर लिहून मगच मागवा. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) आटे असलेला बघा, दाबून बसवलेला पावसाळ्यानंतर करकरायला लागतो.

चालवण्याबद्दल एवढंच, की खडबडीत तुकड्यावर सीटवरून दोन इंच उठा, कोपरं आणि गुडघे सैल ठेवा, सायकलला तुमच्या खाली हलू द्या. ग्रिप घट्ट आवळू नका. आणि ज्या भागात फिरता तिथे राधानगरी अभयारण्याची हद्द येते, आतल्या वाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे वाटेवर येतात. रिजिडचा आवाज जवळजवळ येत नाही, म्हणून आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवत चला आणि उजेड असताना जंगलाबाहेर पडा. बधिरपणा सायकल न चालवता, रात्री झोपेतही जाणवत असेल तर मात्र खर्च करण्याआधी डॉक्टरांना हात दाखवा.

खर्चाचा क्रम. सध्याच्या सायकलवर आजच टायर बसतील तेवढे रुंद घाला, ट्यूब असली तरी हवा ४५ वरून २८-३० वर आणा, सीट सपाट करा आणि १६ अंशांचं हँडल लावा. थोड्या खर्चात निम्मा त्रास कमी होईल, आणि हँडल नव्या सायकलवरही वापरता येईल. मग ५५-६० हजारांपर्यंतची हार्डटेल शोधा, तीही ॲलन की घेऊन. राहिलेल्या पैशांतून आधी टायर आणि ट्यूबलेसचं सामान, मग फोर्क, मग ग्रिप आणि सीट. फोर्क बसवताना मेकॅनिक त्याची वरची नळी लगेच कापायला घेईल, त्याला थांबवा. नळी आहे तेवढी ठेवून स्टेमच्या खाली-वर स्पेसर घाला, महिनाभर वेगवेगळ्या उंचीवर चालवून बघा आणि हात सांगतील तिथे खूण करून मगच कापायला द्या.